हिंमतरावांचा श्वास

धायरीचे हिंमतराव लग्नांत सनई वाजवत आणि श्वास न तोडता तीन-तीन मिनिटं एकच सूर धरत. गालात साठवलेली हवा सनईत सोडायची आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घ्यायचा, अशी ती करामत होती. “माझा श्वास आजवर कुणाला ऐकू आला नाही,” हे ते जेवणाआधीही सांगत आणि जेवणानंतरही.

१९९९ साली शेजारची पूर्वा इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी सनईचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरायला आली, तेव्हा ते लग्नातला कोट घालूनच बसले. सनईच्या तोंडाची, गवताच्या दोन पात्यांची पत्ती त्यांनी ओठांत धरून ओली केली आणि सा लावला.

थोड्या वेळाने पूर्वाने हेडफोन काढला. “काका, मध्येच फुस्स असं येतंय.”

“पंखा असेल.”

“पंखा बंद आहे.”

“मग तुझ्या माईकला सर्दी झाली असेल.”

पण त्यांनी स्वतः ऐकलं, तर दर दहा सेकंदांनी कुणीतरी हळूच नाक ओढत होतं. त्यांचा चेहरा उतरला.

स्वयंपाकघरातून इंदुबाई म्हणाल्या, “अगं, मला लग्न झाल्यापासून ऐकू येतंय ते.”

“मग कधी बोलली नाहीस?” हिंमतरावांनी विचारलं.

“अहो, तुम्ही इतक्या खुशीत सांगत होता. कशाला हिरमोड करायचा?”

“काढून टाकू का, काका?” पूर्वा म्हणाली. “दोन मिनिटांत पुसता येईल.”

हिंमतरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “फक्त मंगल कार्यालयात कुणाला ऐकवू नकोस.”