हिरामणच्या पायातला गाळ

हिरामणच्या डाव्या अंगठ्याची जखम तीन महिने भरेना. मिठागरात उभा जन्म गेलेला माणूस करील तेच त्याने केलं. रोज सकाळी पाय खाऱ्या पाण्यात बुडवून बसला. मिठात मासळी टिकते, मग पाय का टिकणार नाही? अंगठा काळा पडला तेव्हा बायको नीराबाई त्याला पनवेलला इस्पितळात घेऊन गेली.

मांडीतली रक्तवाहिनी गाळ साचून पुरती बंद आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या. उघडली नाही तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. जांघेतून बारीक नळी आत घालायची. तिच्या टोकाशी उजेड असतो, त्याने आतलं चित्र पडद्यावर दिसतं.

"उजेड घेऊन गाळ काढणार?" हिरामण बाहेर येऊन बायकोला म्हणाला. चाळीस वर्षं त्याने मिठागराचे चर गढूळ पाण्यात हाताने चाचपून उपसले होते. बघून केलेल्या कामाला तो काम म्हणत नसे.

"तुमच्या रीतीनं केलं न्हाय का तीन महिने? अंगठा बघा तो," नीराबाई म्हणाली. "सही करा."

जांघ बधिर केली होती, पण तो जागा होता. पडद्यावर करडी वर्तुळं हलत होती.

"काका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "थरावर थर दिसतात ना, ती रक्तवाहिनीची भिंत. तिला धक्का लागता कामा नये. थर नाहीत तिथं गाळ. आपण तिथून जायचं."

"म्हंजे बांध सोडून, चरातून."

"तसंच."

तासाभरात नळी वीतभर सरकली. "एवढ्या कामावर मुकादमानं दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं," हिरामण पुटपुटला. थर जवळ आले की बाई टोक मागे घेत, वळवत, पुन्हा रेटत. दुसऱ्या तासाला त्यांच्या कपाळावर घाम दिसला, तेव्हा तो गप्प झाला.

नळी पलीकडे निघाली. मग आत बारीक फुगा फुगवून बाईंनी वाट रुंद केली. रक्त पोचलं तसं थंडगार पाऊल भाजल्यासारखं तापलं. हिरामणने तक्रार केली, बाई हसल्या.

अंगठा गेला, पाय राहिला. घरी सोडताना बाईंनी बजावलं, "रोज अर्धा तास चालायचं. नाहीतर परत तुंबेल."

"कुठं जायला?"

"कुठंही नाही. नुसतं."

अडुसष्ट वर्षांत हिरामण रिकाम्या हाताने चालला नव्हता. गावात तसं फक्त पुढारी चालत. दोन दिवस तो उंबऱ्याबाहेर पडला नाही.

"पाय काय बघत बसायला वाचवला?" नीराबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी खांद्यावर फावडं टाकून तो बांधावर गेला.

"कंच्या कामाला, दादा?" शेजारच्या धर्माजीने हटकलं.

"हाय थोडं."

अर्धा तास भरला. परतताना गावाच्या तोंडाशी तो वाकला आणि कोरड्या फावड्याला थोडा चिखल लावून घेतला.