कल्हईचा वाडगा

माझा नवरा रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. टाइलमधलं टाचणीएवढं भोक शोधायचं आणि ती बाद करायची, हे त्याचं काम. शुक्रवारी दुबईत करामाला घरी येतो, पण डोळ्यांना काही सुटी मिळत नाही. माझी पोळी, मुलीचं अक्षर, पडद्याची चुणी, सगळ्यात त्याला खोट दिसते.

म्हणूनच तो वाडगा मला आवडला होता. माझ्या ऑफिसमधली इटालियन बाई कायमची परत जाताना मला देऊन गेली. तिच्या गावच्या शेतकऱ्यांच्या घरातला, शंभरएक वर्षांचा. जाड, एका बाजूला झुकलेला, सायीसारखा पांढरा. काठावर लेप उडून विटकरी माती दिसायची. हा पांढरेपणा कथलाचा, असं ती म्हणाली होती. घरी मी कौतुकानं सांगितलं, "आपल्या पितळी भांड्यांना कल्हई असते ना, तसंच." तिथंच मी माती खाल्ली.

नवऱ्यानं वाडगा फिरवून पाहिला, मोबाइलवर फोटो काढून मला पाठवलाही. "एज चिप्ड, पिनहोल्स. आमच्याकडे सरळ रिजेक्ट."

"ही तुझी फॅक्टरी नाही. याला हात लावायचा नाही," मी बजावलं.

पण कल्हई उडालेलं भांडं तसंच राहू देईल तर तो माझा नवरा कसला! लग्नाच्या वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून त्यानं वाडगा गुपचूप नेला, काठाला नवा लेप दिला आणि टाइल्सच्या भट्टीत घातला. ती आच दगडासारख्या टाइल्सची. जुनी, कमी भाजलेली माती तिथं काय टिकणार? त्यानं घरी आणलेल्या कागदातून बाहेर निघालं ते फुगे आलेलं, बसकं, तपकिरी ढेकूळ होतं.

"सांगितलं होतं ना हात लावू नकोस म्हणून?" मी ओरडले.

"अगं, कल्हई म्हणालीस ना तूच," तो पुटपुटला. "आणि मातीची बॉडीच वीक होती."

"खलास, आई, पुरे आता. बाबा मेंट वेल," मुलगी म्हणाली.

त्याचा हेतू चांगला होता, हे मलाही दिसत होतं. त्याचाच जास्त राग येत होता, कारण धड भांडताही येईना.

परवा त्या बाईचा मेसेज आला: वाडगा कसा आहे, फोटो पाठव. माझ्याकडे एकच निघाला, नवऱ्यानं पाठवलेला. कारखान्याच्या सवयीनं त्यानं प्रत्येक टवक्याभोवती लाल गोल काढला होता. मी तो मोठा करून बघत बसले. वाडग्यातलं मला जे जे आवडायचं, ते सगळं त्या गोलांच्या आत होतं.

तिला अजून उत्तर दिलेलं नाही.