घासून बसवलेल्या प्लेटा

आमच्या ह्यांना किळस फार. तेलाची नाही हं! कोपरापर्यंत काळं तेल माखलेलं असलं तरी तोच हात पँटला पुसून चहाचा कप उचलतील. यांना किळस येते ती दुसऱ्यानं केलेल्या गचाळ कामाची. आटे गेलेला बोल्ट कुणी तसाच ठोकून बसवलेला दिसला की ताटात झुरळ निघावं तसं तोंड करतात. एकदा शेजारी जेवायला गेलो, तर त्यांच्या गळक्या नळाला चिंधी बांधलेली बघून यांचा घास अडकला. भरल्या ताटावरून उठले आणि पाना आणायला घरी गेले! मला मेलीला मान वर करवेना.

लोडरचं ट्रान्समिशन, म्हणजे गिअरची पेटी, उतरवायचं, उघडायचं, नीट करून परत चढवायचं, हेच यांनी जन्मभर केलं. तेही जुन्या लोडरचं, ज्यांना कंपनीची माणसं हातसुद्धा लावत नाहीत. सुटे भाग डिझेलमध्ये धुवायला मी. लग्न झाल्यावर हौसेनं त्या परातीपुढे बसले, ती अजून उठलेली नाही. त्यामुळे आता मलाही तसलीच किळस यायला लागली आहे.

या वेळी खडीच्या यार्डातला जुना लोडर आला, तोही दुसऱ्या गाडीनं ओढत. त्यावर माझा धाकटा भाऊ ड्रायव्हर. भरलेली बकेट घेऊन चढावर जाताना गाडी मागे घसरली, भिंतीवर आदळली, केबिनचा पत्रा आत आला आणि भावाचा पाय मोडला. यार्डाच्या मालकानं हात वर केले. म्हणे, "याला डुलकी लागली, हात लागून गाडी न्यूट्रलमध्ये गेली." तसं ठरलं तर भावाची नोकरी गेलीच, आणि डुलक्या काढणाऱ्या ड्रायव्हरला दुसऱ्या यार्डात तरी कोण उभं करणार? मालक एवढ्यालाच कबूल झाला, की माझ्यासमोर पेटी उघडा, आत दोष निघाला तर तुमच्या मेहुण्याची काही चूक नाही.

पण गंमत बघा. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हीच पेटी आमच्याच शेडमध्ये उघडली होती. काम केलं होतं आमच्या जावईबापूंनी.

आणि हे जावईबापू, माझ्याच हातचा चहा ढोसत, माझ्या भावाबद्दल मालकाला सांगत होते, "मामांचं वय झालंय हो. दुपारचे पेंगतातच." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! बरं, बोलायची सोय नाही, लेक त्याच्या घरात. खोटं कशाला सांगू, मी मनात म्हणत होते, दोष निघू दे, पण तो याच्या हातचा नको.

यांनी तेल काढलं. शी! जळकट, कुबट वास सगळ्या शेडभर झाला. मग पुढच्या गिअरच्या क्लच प्लेटा एकेक करून माझ्या परातीत आल्या. लोडर पुढे ओढतात त्या याच; या निसटल्या की भरलेली गाडी चढावर मागे येणारच. मी धूत होते, हे एकेकीवरून बोट फिरवत होते. चौथ्या की पाचव्या प्लेटेला बोट थांबलं.

"पॉलिश पेपर मारलाय," हे म्हणाले. "जुन्याच प्लेटा घासून बसवल्यात."

हे उठले, शेडमागे गेले आणि खरोखर ओकले. मी पाणी घेऊन धावले, तर म्हणाले, "जेवण नाही गं बाधलं. माझ्या शेडमध्ये झालंय हे."

आत येऊन बघते तर जावई साळसूदपणे मालकाला समजावतोय. नव्या प्लेटा चुकीच्या मापाच्या आल्या होत्या, बदलून यायला वेळ लागला असता, तुम्हालाच घाई होती. "आणि या काही वाईट नाहीत. दिसायला जुन्या, बाकी अजून दोन वर्षं आरामात चालतील. याच बसवून संध्याकाळपर्यंत गाडी देतो." मालकाचंही तोंड उजळलं. गाडी लवकर मिळते म्हटल्यावर त्याला काय! दोघांचीही मला इतकी शिसारी आली की परात उचलून डिझेल अंगावर ओतावंसं वाटलं.

हे शांतपणे म्हणाले, "बसव."

मी बघतच राहिले.

"बसव याच. मग बकेट भर आणि यार्डातला तो चढ चढून दाखव. माझ्या शेडमध्ये जो पेटी बंद करतो, तोच पहिला चढावर जातो. मागच्या खेपेला कोण गेलं होतं?"

"मामा," जावई पुटपुटला.

"मग आता तू जा."

जावयानं परातीतल्या प्लेटांकडे बघितलं. चिंधीला हात पुसले, परत पुसले. मग खाली मान घालून म्हणाला, "बाबा, माझं पोरगं लहान आहे."

माझी लेक दारातच उभी होती, तेच पोरगं कडेवर घेऊन. नवऱ्याकडे तिनं जसं बघितलं, ते बघणं मी ओळखलं. चिंधी बांधलेल्या नळाकडे तिचे बाबा तसंच बघत होते. आता हिच्या संसाराचं काय, असं मनात आलं, आणि तरी त्या माणसाची किळस काही कमी होईना.

मालक घसा खाकरून म्हणाला, "तुमच्या भावाला सांगा, बरा झाला की यायचं. गाडी त्याचीच."

मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. अपघात झाल्यापासून भाऊ कुणाशी धड बोलत नव्हता. मला वाटायचं, पाय दुखतोय. मी भराभरा सगळं सांगितलं, प्लेटा, पॉलिश पेपर, मालक काय म्हणाला ते. मी म्हटलं, "अरे, ऐकतोयस ना?"

तेव्हा कुठे तो बोलला. "ताई, नक्की ना गं? मी न्यूट्रल नव्हतं ना केलं? सगळे म्हणत होते, तर मला तसंच आठवायला लागलं होतं."