आधी तू खा

सासूबाईंच्या तेरवीला गावाकडून, लामत्याहून, जीप भरून माणसं आली आणि जो तो एकच सांगत होता, "मोठ्या मायनं आमाले कधी उपाशी जाऊ देल्लं नाही." मी पानं वाढत ऐकत होते. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण मान वर करायची मला लाज वाटत होती, कारण या बाईवर मी जेवढा संशय घेतला तेवढा दुसऱ्या कोणावर घेतला नाही.

माझा स्वभावच तसा. दूधवाल्यानं पाणी घातलं असेल असं मनात आलं, की घातलंच म्हणून समजायचं. लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा सासरे भरवेलीच्या खाणीत कामाला होते आणि आमचं घर म्हणजे गावाकडच्यांची धर्मशाळा होती. कोणाची कचेरीत तारीख, कोणाची बायको दवाखान्यात, सगळे उन्हातान्हाचे येऊन आमच्याच ओसरीवर टेकायचे. सासूबाई कोण-कुठले हेही विचारायच्या नाहीत, सरळ भात टाकायच्या. मी मनात म्हणायची, एवढं कोणी उगाच करतं का? काहीतरी पोटात असणारच. नाही तर नुसती वाहवा तरी हवी असेल.

सगळ्यांत मोठा संशय स्वयंपाकघराचा होता. सगळ्यांची जेवणं आटोपली की त्या मला बाहेर काढायच्या. "जा, जराशी पाठ टेक. माह्यं मी वाढून घेईन." आणि दार लोटून घ्यायच्या. मी कसली पाठ टेकते. दाराशी उभी राहून कान लावायची. आतून भाताच्या गंजात पळी फिरल्याचा खरडखरड आवाज यायचा, मग तांब्यातलं पाणी प्यायल्याचा, मग हाक, "झालं वो माह्यं." मला पक्कं वाटायचं, साय, खुरचण, चिन्नोरच्या सुवासिक भाताचा तळ, सगळं चांगलंचुंगलं ही बाई एकटी आत बसून चापते. माहेरी गेले की हे मी आईला तिखटमीठ लावून सांगायची.

बरीच वर्षं गेली. सासरे गेले, मुलं नोकरीधंद्याला बाहेर पडली, मी स्वतः सासू व्हायच्या वयाला आले. सासूबाई नव्वदीला टेकल्या. डोळे जवळजवळ गेलेच होते, पण घरावरचा पहारा काही सुटला नव्हता. आणि एका उन्हाळ्यात त्यांनी नवीनच काढलं. मी ताट पुढं ठेवलं की माझा उजवा हात धरायचा, नाकाशी न्यायचा, हुंगायचा आणि ताट माझ्याकडे सरकवायचं.

"आधी तू खा."

"माह्यं झालं, आई."

"आधी तू खा."

पहिल्यांदा मला हसू आलं. आठवडाभरानं डोकं फिरलं. म्हणजे हिला वाटतं, मी जेवणात काही कालवते? हात हुंगते ते त्याचाच वास शोधायला? अख्ख्या गावाला जेवू घालणाऱ्या बाईनं शेवटी सुनेवर असा आळ घ्यावा? मीही हट्टाला पेटले. त्यांनी सरकवलेलं ताट झाकून ठेवायची, आणि संतापानं माझीही भूक मरायची. महिनाभरात त्यांचं पोलकं अंगावर लोंबायला लागलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळीनं अन्न द्यावं लागेल. नवरा बैहरच्या कचेरीतून संध्याकाळच्या बसनं यायचा, त्यानं एक दिवस मला विचारलं, "तू आईले नेमकं काय देऊन राह्यली?" नेमकं म्हणे.

मग लामत्याहून नणंद आली. प्रवासातून भुकेली आलेली, ती आईच्या शेजारीच जेवायला बसली. सासूबाईंनी तिचा हात हुंगला आणि गुमान दोन वाट्या वरणभात खाल्ला. नणंदेनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. तोंडानं एवढंच म्हणाली, "लेकीच्या हातचं बरं जाते मायले."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारात गेली तसं मी ताट सासूबाईंपुढे आदळलंच. "सांगा आई, म्या काय जहर कालवलं यात?"

"जहर?" त्यांना खरंच कळेना. "तू काहून जहर कालवशील? तू जेवलीच नाही वो. रोज झालं म्हणते, अन् हाताले ना वरणाचा वास ना भाताचा. नुसता साबणाचा. मले फसवते? म्या जनमभर हेच केलं."

खरंच होतं, त्यांचं आटोपल्यावरच मी जेवायची. आणि मग त्यांनी सांगितलं, अगदी सहज. पाहुणे जास्त झाले की गंज रिकामा व्हायचा. त्या रिकाम्या गंजात पळी फिरवायची. ओसरीवर आवाज गेला पाहिजे, नाही तर माणसं पुढच्या वेळी यायला लाजतील. मला बाहेर काढायच्या, कारण रिकामा गंज दिसला असता तर पुढच्या वेळी मी माझ्या पानातलं त्यांना ठेवलं असतं. "रोज नाही," म्हणाल्या. "आठवड्यातून दोन-तीनदा." जणू तेवढं चालतं.

मला भयंकर राग आला. जेवून ढेकर देणाऱ्या त्या माणसांचा, सासऱ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा.

"कोणालेच माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"तुले होतं ना." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तू दाराशी उभी राहे. फटीतून सावली दिसे मले. मले वाटे, या पोरीले समजलं, पण चारचौघांत बोलत नाही. माह्यी लाज राखते. तेव्हापासूनच तुह्यावर जीव बसला वो माह्या." मग माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "समजलं होतं ना तुले?"

"हौ," मी म्हटलं. "समजलं होतं."

मग मी त्यांच्या ताटातला एक घास घेतला आणि त्या जेवायला लागल्या. पुढची दोन वर्षं, त्या जाईपर्यंत, आम्ही एकाच ताटात जेवलो. माझं हे खोटं त्यांनी ओळखलं होतं की नाही, ही शंका मात्र अजून माझ्या मनातून जात नाही.