मनोरीसाठी एक दिवस जास्त

सरांची सवयच होती, चष्मा कपाळावर सरकवायचा, माझ्या स्क्रीनकडे वाकून बघायचं आणि म्हणायचं, "काय केलंस ता मशीनीक दिसता गो. कित्याक केलंस ता लिव."

'कित्याक' म्हणजे मालवणीत 'का', हे मला ऑफिसात दुसऱ्या आठवड्यात कळलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे विचारायचीही लाज वाटली होती.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत कमी बोलणारं. आमचं ऑफिस अंधेरीत. दुकानांना औषधं पोचवणाऱ्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. कोड बदलला की सोबत एक नोंद लिहायची असते. आम्ही लिहायचो, 'दुरुस्त केलं.' सर लिहायचे, 'घाटकोपरचा दुकानदार दुपारी झोपतो, शटर वाजवलं तर ओरडतो. डिलिव्हरी चारनंतर. स्वतः जाऊन बघितलं.'

"सर, कादंबरी लिहिताय का?" कोणीतरी विचारायचं.

"तू वाचतंस मा? मगे झाला."

मग नवे मॅनेजर आले आणि या नोंदी ठेवणारी व्यवस्थाच बदलायची ठरली. तीन व्हर्जन कंट्रोल सिस्टिम, म्हणजे कोणती ओळ कोणी, कधी, का बदलली ते जपणाऱ्या व्यवस्था, तपासून तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. वेग, सुरक्षितता, एकाच फाइलवर दोघांनी काम केलं तर काय, सगळे रकाने मी नीट भरले. सरांनी एकच प्रश्न विचारला.

"जुनी नोंद येतली मा?"

"येते, सर." सिस्टिमच्या माहितीपानावर तसं लिहिलं होतं. मी 'हो'वर खूण केली. करून बघितलं नाही.

प्रत्यक्षात जुन्या नोंदी आणताना काम अर्ध्यावर अडकलं. दोनदा, तीनदा. मुदत शुक्रवारची होती आणि कोणाला विचारायचं म्हणजे माझा तक्ता चुकला हे सांगायचं. मी नोंदी सोडल्या आणि नुसता शेवटचा कोड उचलून नव्या सिस्टिममध्ये टाकला, माझ्या लॉगिनवरून. तेवढ्याने नव्या सिस्टिमच्या लेखी प्रत्येक ओळ माझी झाली, सरांचीसुद्धा. जुना सर्व्हर ठरल्याप्रमाणे पुसला गेला.

तीन महिन्यांनी मीटिंगमध्ये मॅनेजरांनी पडद्यावर आलेख लावला, कोणी किती कोड लिहिला त्याचा. माझा खांब वरपर्यंत. सरांचा जेमतेम दिसेल इतका.

"सर, इतकी वर्षं तुम्ही करत काय होता?" मॅनेजर हसत म्हणाले. सगळेच हसले.

एक वाक्य पुरलं असतं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, आलेख बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "पोरगी कामाची आसा," म्हणाले.

त्यांचा करार पुढे वाढवला नाही. शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले.

"जुनी नोंद येवक नाय मा?"

"नाही, सर. एरर येत होती."

"मगे तसा लिवक होया होता."

आवाजात राग नव्हता. डबा पिशवीत घातला आणि गेले.

गेल्या आठवड्यात नव्या मुलीने मला हाक मारली. "अगं, मनोरीच्या डिलिव्हरीला एक दिवस जास्त का धरलायस? ओळ तुझी आहे. काढू?"

"नको. बघून सांगते."

सरांचा नंबर फोनमध्ये आहे. तो लावायची हिंमत झाली नाही. रविवारी मार्वेच्या धक्क्यावर, जिथून खाडीपलीकडच्या मनोरीला बोट जाते, तिथे जाऊन उभी राहिले. ओहोटी होती. बोट पलीकडेच थांबलेली.

"पाणी चढल्याशिवाय खोके नाय नेत," मी विचारल्यावर तिकिटवाला म्हणाला. "चिखलात कोण उतरणार? कधी कधी दिवस जातो." मग माझ्याकडे बघून, "पूर्वी एक चष्मेवाले यायचे, तेपण हेच विचारायचे."

सोमवारी त्या ओळीवर मी कारण लिहिलं. ओळ कोणाची, तेही सरांच्या पूर्ण नावानिशी लिहिलं. नवी मुलगी म्हणाली, "हे कोण गं?" मी तिला सांगितलं. मॅनेजरांना अजून सांगायचंय.

मग फाइल खाली सरकवली. ओळीमागून ओळ, प्रत्येकीसमोर माझंच नाव होतं. आणि त्यांतली एकही का लिहिली, ते मला माहीत नव्हतं.