पाणी बघण्याची परवानगी

संपाचं पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा आमच्या खानावळीत जेवायला सहाच माणसं उरली होती. आधी बत्तीस होती. लालबागच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. एकीत आई आणि मी राहायचो, दुसरीत पंगत बसायची. वडील गेल्यावर आईनं खानावळ सुरू केली आणि त्यानंतर पंधरा वर्षं रिकामी दुपार कशी असते हे तिनं पाहिलं नव्हतं. गिरण्या बंद झाल्या, जेवणारे एकेक करून गावाला गेले, आणि तिच्या वाट्याला अख्ख्या दुपारी यायला लागल्या. तिला त्या अजिबात आवडल्या नाहीत. घासलेली भांडी ती पुन्हा घासायची.

एका रविवारी नळ वेळेआधीच गेला. अर्धी भरलेली कळशी घेऊन आई वर आली आणि मला विचारलं, हे पाणी येतं कुठून. मी फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट होते, म्हणजे घरातली शिकलेली. मी सांगितलं की शहापूरच्या पुढे डोंगरात मोठाली तळी आहेत, धरणं बांधून केलेली, तिथून पाइपातून येतं.

"तू बघितलीस?" आईनं विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मग ऐकलेलं सांगू नको."

तिसऱ्या दिवशी भात वाढता वाढता तिनं जाहीर केलं की आपण तळं बघायला जाणार.

अडचण अशी की एसटीनं जाऊन, पुढे पायी चालून त्याच दिवशी परतणं जमणारं नव्हतं. मुक्काम करावा लागणार होता, आणि तिथे जंगलाशिवाय काही नव्हतं. आमच्या कचेरीतला एक क्लार्क दर रविवारी पाठीला पिशवी लावून डोंगरात जायचा. त्यानं मला त्यांच्या गिर्यारोहण मंडळाचा सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला. त्यात तंबू कसा ठोकावा, काय न्यावं, काय नेऊ नये, सगळं होतं. जमीन सरकारी आहे, वनखात्याची परवानगी काढा, असंही तो म्हणाला. मी तो कागद घरी वाचून दाखवला. "प्रत्येकी दोन मुठी तांदूळ" इथे आईनं मला थांबवलं. हे लिहिणारा कोणाकडे जेवतो, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

सोबतीला दोघं ठरली. एक आमची मासळीवाली मावशी, शीव कोळीवाड्याची. ती भल्या पहाटे धक्क्यावरून मासळी उचलून लालबागला विकायला यायची आणि आमच्याकडे चहा पिऊन परत जायची. दुसरे खानावळीतले काका. ते वीणकर होते, पाटणकडचे. बरोबरीचे वीणकर गावाला गेले तरी हे गेले नव्हते. डोंगर म्हणजे आमचं अंगण, असं ते म्हणाले आणि आपोआप मोहिमेचे जाणकार झाले. चौदाव्या वर्षी ते त्या अंगणातून मुंबईला आले होते, याची आम्हाला तेव्हा आठवण राहिली नाही.

परवानगीसाठी मी आणि आई वनखात्याच्या कचेरीत गेलो. अर्जात एक रकाना होता, भेटीचा उद्देश. मी तिथे निसर्गदर्शन असं लिहिलं होतं. आईनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि खोडायला लावलं. खोटं कशाला लिहायचं, निसर्गाशी आपलं काही काम नाही. मग मी लिहिलं, पाणी बघणे.

कारकून वयस्कर होते. त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"बाई, पाणी तर तुमच्या घरी येतं की."

"येतं," आई म्हणाली. "पण कुठून येतं ते सांगत नाही."

त्यांनी थोडा विचार केला आणि शिक्का मारला. चार माणसं, एक रात्र, झाडाला इजा करायची नाही, विस्तव दगडांच्या आत ठेवायचा.

आता तंबू. विकत घ्यायचा विचारही कोणी केला नाही. मावशीच्या घरच्या होडीला मशीन बसवल्यापासून जुनं शीड माळ्यावर पडून होतं. ती एका सकाळी मासळीच्या पाटीवर त्याची वळकटी ठेवून घेऊन आली. काकांनी ते पंगतीच्या खोलीत उलगडलं, एक कोपरा खिडकीच्या उजेडात धरला आणि अंगठ्यानं सूत चाचपत बसले. मग म्हणाले, चांगलं कापड आहे. वर्षभरात त्यांच्या हातात कापड आलं नव्हतं. पुढचे आठ दिवस ते सुई-दोरा घेऊन रफू करत होते, आणि त्या आठ दिवसांत ते दोन्ही वेळा पोटभर जेवले. हे आईनं मला वेगळं सांगितलं.

रंगीत तालीम चाळीच्या अंगणात झाली. मंडपवाल्याकडून चार बांबू मागून आणले होते. आधी आम्ही चौघंच होतो, पण संपामुळे चाळीत सगळ्यांनाच वेळ होता. गॅलऱ्या भरल्या. वरून सूचना येऊ लागल्या. गाठ कुठली मारायची यावरून दोन तट पडले, आणि मावशीनं दोघांनाही गप्प करून कोळ्याची गाठ मारली. तंबू उभा राहिला. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या आजी खाली आल्या, चपला काढल्या, तंबूला हात जोडले आणि यंदा माघी गणपती बसवताय का म्हणून विचारलं. त्यांना समजावेपर्यंत मांजरं जमा झाली. शिडाला वर्षानुवर्षांच्या बोंबलांचा वास होता. मी मोजली, अकरा मांजरं होती, आणि त्यातली एक आत जाऊन झोपली.

सामानाचा वाद शेवटच्या दिवसापर्यंत चालला. कागदात लिहिलं होतं, माणशी दहा किलोच्या वर नको. आईनं पाटा-वरवंटा बाहेर काढून ठेवला. काकांनी अदबीनं सांगितलं की वहिनी, डोंगरात दगडांना तोटा नसतो.

"त्या दगडांना वाटायची सवय नसते, भावजी."

शेवटी पाटा राहिला, वरवंटा आला.

परळ डेपोतून पहिली एसटी धरून आम्ही निघालो. शहापूरच्या पुढे दुसरी गाडी, मग तासभर कच्चा रस्ता. सगळ्यात जड बोजा मावशीच्या डोक्यावर होता आणि सगळ्यात पुढेही तीच होती. काका वाट दाखवत होते. एकाच आंब्याखालून आम्ही दोनदा गेलो, तेव्हा त्यांनी मोळी नेणाऱ्या एका बाईला हळूच वाट विचारली. आम्ही ऐकलं नाही असं दाखवलं.

चढ संपला आणि समोर तळं आलं. चहूबाजूंनी डोंगर, आणि मध्ये पाणी, पलीकडचा काठ नीट दिसू नये इतकं. आई डोक्यावरचं गाठोडं न उतरवता उभी राहिली.

"एवढं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आणि आपल्याला नळ तासभरच."

तेवढ्यात वनरक्षक आला. परवानगीचा कागद पाहून त्यानं नियम सांगितले. आंघोळ नाही, कपडे नाही, भांडी नाही, साबण तर नाहीच. हे मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. काकांनी तोवर चपला काढून पाय पाण्यात सोडले होते. आई रागावली की मालवणीत जायची.

"पाय भायर काढा आधी," ती काकांना म्हणाली. "ता पाणी आमका पिऊचा आसा."

त्या क्षणापासून वनरक्षकाला काम उरलं नाही. आईनं काठापासून तीस पावलांवर एक रेघ ओढली. धुणं, विसळणं, चूळ भरणं, सगळं रेघेच्या अलीकडे, कळशीतून पाणी आणून. जन्मभर पाण्यात वावरलेल्या मावशीला सुकट धुवायलासुद्धा काठाशी जाता येईना. ती मला म्हणाली, तुझ्या आयशीनं समुद्र बांधला असता तर आम्ही उपाशी मेलो असतो गो.

चारच्या सुमाराला एका म्हाताऱ्याच्या म्हशी आल्या, वीस-बावीस. आई डाव घेऊन आडवी गेली. म्हशींनी तिच्याकडे पाहिलं, दोन्ही बाजूंनी तिला ओलांडलं आणि शांतपणे पाण्यात जाऊन बसल्या. म्हातारा म्हणाला, धरण व्हायच्या आधीपासून त्या इथेच बसतात. परत येऊन तिनं मला खालच्या आवाजात विचारलं, पाइपाला जाळी असते ना. मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं.

चौघांसाठी म्हणून शिजवलेलं जेवण आम्ही चौघं, वनरक्षक, म्हशीवाला आणि धरणावर काम करणारी सात माणसं जेवलो, तरी थोडा भात उरला. बत्तिसांची सवय असलेला हात लहान होत नव्हता.

सकाळी मी उठले तेव्हा काका रेघेच्या अलीकडे एका दगडावर बसले होते आणि आई चूल पेटवत होती. ते तिच्याशी बोलत होते. गावाला का गेलो नाही ते सांगत होते. चाळीस वर्षं गिरणीचा माणूस म्हणून गावात मान होता. आता लोक विचारतील, संपाचं काय झालं, इतके दिवस मुंबईत काय करत होतास, तर काय सांगायचं.

आईनं चुलीत फुंकर घातली.

"सांगा, सहलीला गेलो होतो."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते हसले, आणि ते हसणं आवरेना, तेव्हा मावशी तंबूतून डोकं बाहेर काढून विचारायला लागली की कोण पडलं.

पुढच्याच आठवड्यात ते गावाला गेले. बोलावणं येईल म्हणून ट्रंक आमच्याकडे ठेवून गेले. गिरणीकडून बोलावणं काही आलं नाही. दोन महिन्यांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. आपण सांगितल्याप्रमाणे सांगितले, कोणाचाही विश्वास बसला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली, जागा उरली म्हणून की काय, बारीक अक्षरात होतं की विहिरीला पाणी चांगलं आहे, वहिनींनी एकदा येऊन बघावं.

आईनं कार्ड दोनदा वाचून घेतलं, आणि पाटणला थेट गाडी आहे का ते मला डेपोत विचारून यायला सांगितलं.