यानाचं दार घेऊन शिंगणापूरला

मला एका जागी बसवत नाही, हे मित्रांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे संकेतने फोनवर "दार आणायचंय, गाडी काढ" म्हटल्यावर मी कुठून, कशाला, काही विचारलं नाही. तीन वर्षं तो पदरमोड करून सिनेमा काढतोय. परग्रहावरची यंत्रं, मारामाऱ्या, सगळं नगर जिल्ह्यात. दर वेळी काहीतरी राहतंच: कधी धूर, कधी आवाज. आता शेवटचा प्रसंग उरला होता. नायक यानाचं लोखंडी दार लाथेने तोडून कोंडलेल्या आईपर्यंत पोचतो. नायक झालेला अजिंक्य दुसऱ्या दिवशी बंगळूरला नोकरीवर रुजू होणार होता, म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

पुण्याहून पहाटे निघालात तर वाघोलीची गर्दी टळते. आम्ही उशिरा निघालो, आम्हाला ती पुरेपूर भोवली. शिरूरच्या पुढे मिसळ खाल्ली, झणझणीत आणि स्वस्त. केडगावात एका फॅब्रिकेशनवाल्याने दार तयार ठेवलं होतं, पातळ पत्र्याचं, चंदेरी, मधोमध लाल दिवा. ते टपावर आवळून बांधलं. पुढे वाऱ्याने दोरी घुमायला लागली की मी गाडी थांबवून गाठी तपासायचे. संकेत शेजारी धुसफुसत होता.

घोडेगावला वळून शिंगणापूर गाठलं; अजिंक्य आणि कॅमेरावाला आधीच पोचले होते. शनिदेव राखण करतो या श्रद्धेने इथे घरांना दारं लावत नाहीत. संकेत शेजारच्या सोनईचा, हे बघतच वाढलेला. म्हणूनच तर शूटिंगला इथलं घर निवडलं, असं तो फुशारकीने सांगत होता, मूळचं दार काढायची कटकटच नाही.

घरमालकीण काकूच आईचं काम करणार होत्या. त्यांनी टपाकडे बघितलं.

"शूटिंग करा, जेवून बी जा. पन दार न्हाई लागायचं हितं."

नुसतं टेकवून ठेवतो, असं संकेतने परोपरीने विनवलं. काकू बधल्या नाहीत. ऊन उतरत चाललं होतं आणि मी उगाच अंगणात येरझाऱ्या घालत होते. शेवटी संकेत वैतागून अजिंक्यला म्हणाला, नुसता धावत ये, पुढचं बघू.

अजिंक्य उसाच्या बांधावरून धावत आला. उंबऱ्याशी त्याने लाथ उचलली, पण समोर मोडायला काहीच नव्हतं. पाय खाली ठेवून तो तसाच उभा राहिला. आतून काकू बोलल्या, संहितेत नसलेलं:

"ये की आत. कुनी अडवलंय तुला?"

अजिंक्यला रडूच फुटलं. कॅमेरा चालू होता. माझेही डोळे भरून आले. मग काकूंनी सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली, तशी चव मला नगर रस्त्यावरच्या एकाही ढाब्यावर मिळालेली नाही.

दार परत आणलं, ते आमच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून आहे. वॉचमनला त्याचा लाल दिवा आवडतो. महिनाभराने संकेतला विचारलं, सिनेमा कधी दाखवतोस? तर रंग अजून बसत नाहीत, संगीत जरा बघायचंय, असं त्याचं सुरू झालं. मला राहवलं नाही.

"दाखव की. कुणी अडवलंय तुला?"

फोनवर तो म्हणाला, "रविवारी काकूंच्या अंगणात पडदा लावू. गाडी काढ."